साखळीवरून उतरणारं पाणी

"मी नाही घातलं पाणी! दहा दिवसांत एक थेंबसुद्धा नाही!" स्टुलावर उभी राहून टिटवी ओरडली आणि कुंडीतल्या मातीत खुपसलेलं बोट तिनं सगळ्यांसमोर नाचवलं. ते चिखलानं माखलं होतं.

टिटवी हे नाव तिच्या आत्यानं ठेवलेलं. आत्या दातांची डॉक्टर होती. सुट्टीत टिटवी तिच्याकडे राहायला आली आणि दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत टांगलेला होयाचा वेल आत्यानं तिच्या हवाली केला. जाड, चकचकीत पानांचा तो वेल सहा वर्षांत पहिल्यांदाच फुलावर आला होता. कळ्यांचे पाच घोस लोंबत होते. उमलले की मेणाच्या चांदण्याच जणू! "माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी नाही," आत्यानं बजावलं होतं, "आणि आता कुंडी जागची हलवायची नाही. हलवली की कळ्या गाळतो तो."

आणि आता पानंच पिवळी पडत होती!

"लाड जास्त झालेत त्याचे," इमारतीची देखभाल बघणारे सेक्रेटरीकाका हसले. "पाणी घालून विसरली असशील."

टिटवीचं नाक लाल झालं. काका जाताच तिनं आतेभावंडांना गोळा केलं. मोठा मोजपट्टी, कारण दिसेल ते मोजायची त्याला खोड. धाकटी सुई, कारण ती कुठेही शिरायची.

"कुणीतरी चोरून पाणी घालतंय," मोजपट्टी म्हणाला.

"कुलूप लावलेल्या दवाखान्यात? ते कसं?" सुईनं विचारलं. ती स्टुलावर चढली आणि कुंडीची साखळी तिनं चिमटीत धरली. "ए, ही ओली आहे! वरपर्यंत!"

तिघांच्या माना वर गेल्या. छताच्या हुकाभोवती चहाच्या डागासारखा एक गोल उमटला होता. मोजपट्टीनं झाडूच्या दांड्यानं छत हळूच ठोकलं. कडेला टकटक, हुकाजवळ मात्र डबडब!

"पोकळ झालंय," तो कुजबुजला. नेमकं त्याच्याखाली पेशंट बसायचं बाकडं होतं.

तिघं धावत सेक्रेटरीकाकांकडे गेली. "दमट हवा आहे, बाळांनो," ते फोनवरून नजरही न उचलता म्हणाले. वरच्या मजल्यावर केस कापायचं दुकान होतं. तिथल्या ताईंनीही हात झटकले, "आमच्याकडे काही गळत नाही!"

"मग पुरावाच देऊ," टिटवी म्हणाली. "मोजपट्टी, तुझे केस वाढलेत."

"काय? मी नाही!"

"आणि धुऊन घ्यायचे. बेसिनमध्येच!"

दुसऱ्या दिवशी दुपारी टिटवीनं साखळीभोवती कापूस गुंडाळला. वर मोजपट्टीनं डोकं धुऊन घेतलं आणि ताई टॉवेल आणायला वळताच खिशातली निळ्या शाईची बाटली बेसिनमध्ये रिकामी केली. मग नळ सोडून तो भोळ्या चेहऱ्यानं बसून राहिला.

खाली मिनिटं सरेनात. दवाखाना उघडायची वेळ झाली. गाल सुजलेले एक आजोबा आणि त्यांची नात बाकड्यावर येऊन बसले. इतक्यात सुई किंचाळली, "निळा! कापूस निळा झाला!"

टिटवीनं छताकडे पाहिलं. डागातून आता एक बारीक चीर निघाली होती.

"आजोबा, उठा! पटकन पलीकडे बसा!"

आजोबा गोंधळून नातीला घेऊन उठले. कुंडी मात्र अजून तिथेच होती. हलवली तर कळ्या जाणार, आणि नाही हलवली तर? टिटवी क्षणभर थबकली. मग स्टुलावर चढून तिनं कुंडी हुकातून सोडवली आणि छातीशी धरून खाली उतरली.

सुईनं सेक्रेटरीकाकांना हाताला धरून ओढत आणलं. "काय हा तमाशा! पेशंटना घाबरवता?" म्हणत ते दारातून आत पाऊल टाकतात तोच धप्पकन आवाज झाला. ताटाएवढा गिलावा बाकड्यावर कोसळला होता! खोलीभर धूळ उडाली.

काका दोन पावलं मागे सरले. आजोबांनी नातीला घट्ट धरलं.

त्याच दिवशी प्लंबर आला. बेसिनखालचा पाइप जोडापाशी तडकलेला निघाला. ताई निळं बेसिन बघून आधी चिडल्या, मग स्वतःच खाली येऊन वरमल्या.

आत्यानं वेल कुंडीतून काढला, कुजलेली काळी मुळं कापली आणि कोळशाचे तुकडे मिसळलेल्या भुसभुशीत मातीत तो पुन्हा लावून खिडकीशी टांगला. चार घोस गळले. एक टिकला.

"माझ्यामुळे गेले ते," टिटवी पुटपुटली.

"तुझ्यामुळे दोन माणसं वाचली," आत्या म्हणाली. "मी रोज त्या छताखाली वावरते, पण मान वर करून कधी पाहिलं नाही. तुम्ही पाहिलंत."

आठवड्यानं तो घोस उमलला. गुलाबी चांदण्यांचा गोड वास संध्याकाळी खोलीभर पसरला. तेवढ्यात सेक्रेटरीकाका दारात आले. त्यांच्या एका हातात वही होती, दुसऱ्या हातात झाडू.

"वरच्या तीन मजल्यांची छतं तपासायची आहेत," ते घसा खाकरून म्हणाले. "मला त्या टकटक-डबडबमधलं काही कळत नाही. येता का तुम्ही माझ्याबरोबर?"