हिमनीचा उजवा हात

एक बादली पाणी गोठवायलाही परवानगी नाही म्हणजे काय? केतकीला काही केल्या हे कोडं सुटेना. अख्खा समुद्र गोठवणं जास्त होतं, मान्य. तळंही एक वेळ सोडून देऊ. पण बादली?

"अपूर्ण," तराजू तिसऱ्यांदा म्हणाला.

तराजू हा बंदरावरच्या वाचनालयातला यंत्रमानव. खाडीकाठच्या अकरा गावांतली मुलं मिळून 'लाटवन' नावाचा कथाखेळ खेळत. प्रत्येकानं आपलं एक पात्र घडवायचं, डोळ्यांना भिंगपट्टी (कल्पित जग दाखवणारा चष्मा) लावायची आणि सगळ्यांनी एकाच जगात शिरायचं. जग सगळ्यांचं, म्हणून नियमही सगळ्यांना सारखे. ते पाळले जातात की नाही हे तराजू बघायचा. त्याला राग कधी यायचाच नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडण्यात मजा नव्हती.

"पण काय चुकलंय ते तरी सांग ना!"

"ते मी सांगत नाही. ज्याचं पात्र, त्यानंच शोधायचं. पाच वाजता लाटवनाची होडी सुटेल. कपाटात तयार पात्रं आहेत, त्यातलं एखादं घेऊ शकतेस."

केतकीच्या डोळ्यांत पाणीच आलं. दोन वर्षांपूर्वी ती धक्क्यावरून पडली होती आणि पाच महिने पाय प्लास्टरमध्ये होता. बाकीची पोरं खाडीत डुंबत होती, तेव्हा खिडकीशी बसून तिनं हिमनी घडवली. हिमनीनं डाव्या हातानं स्पर्श केला की पाण्याचा बर्फ व्हायचा. त्या पाच महिन्यांत हिमनीनं सात समुद्र गोठवले, चार राक्षसांना बर्फात बसवलं आणि केतकीला एकटं वाटू दिलं नाही. तिला मागे ठेवून कपाटातलं कुणीतरी परकं पात्र घेऊन जायचं, ही कल्पनाच केतकीला सहन होईना.

साडेतीन वाजले होते. ती तरातरा निघाली ती थेट बर्फाच्या कारखान्यात. तिथे तिचे आबा होते. चाळीस वर्षं त्यांनी तिथली यंत्रं सांभाळली होती. आता कारखाना उन्हाच्या विजेवर चालायचा, लाद्या उचलायला यांत्रिक हात आले होते, आबा निवृत्तही झाले होते. तरी रोज दुपारी यंत्रांची विचारपूस केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"काय गो, तोंड का पाडलंयस?"

केतकीनं सगळं सांगितलं. समुद्राचं तळं केलं, तळ्याची बादली केली, आता काय पेलाभर पाणी गोठवू का, म्हणून ती रडकुंडीला आली.

आबांनी शांतपणे विचारलं, "तराजू नेमकं काय म्हणाला? जास्त आहे म्हणाला?"

"नाही. अपूर्ण म्हणाला."

"मग शहाणे, काहीतरी घालायचं सोडून तू कापत का बसलीस?"

केतकीनं कपाळावर हात मारला. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

आबा तिला कारखान्याच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे एक मोठी टाकी होती आणि टाकीपाशी समुद्रावरून आलेले चार खलाशी कढत पाण्यानं अंघोळ करत होते. बंदरावरची ही जुनी रीत होती. होडी लागली की आधी मासळी उतरवायची, मग बर्फाच्या कारखान्यामागे जाऊन अंग शेकायचं. केतकीची पावसात भिजलेली दप्तरं याच टाकीच्या भिंतीवर वाळली होती. पण बर्फाच्या कारखान्यात गरम पाणी कुठून येतं, हे विचारायचं तिला आजवर सुचलं नव्हतं.

"हे पाणी तापवायला वेगळी शेगडी आहे?" आबांनी विचारलं.

"नसावी. दिसत तरी नाही."

"नाहीच. आत आपण थंडी तयार करतच नाही, केतकी. पाण्यातली उष्णता बाहेर काढतो, एवढंच. उष्णता गेली की पाण्याचा बर्फ होतो. या नळ्यांतून शीतक (उष्णता वाहून नेणारा पदार्थ) फिरतो. आत गेला की त्याची वाफ होते आणि वाफ होताना तो उष्णता उचलतो. मग हा संपीडक (वायू दाबणारा पंप) त्याला दाबतो, तसा तो आणखी तापतो. बाहेर येऊन तो ती उष्णता टाकीतल्या पाण्याला देतो, पुन्हा द्रव होतो आणि परत आत जातो."

"म्हणजे बर्फातून निघालेली उष्णता या काकांच्या डोक्यावर?"

"तीच! आणि पंपाला लागलेल्या विजेचीही. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त जागा किंवा रूप बदलते. याला ऊर्जा अक्षय्यतेचा नियम म्हणतात, आणि तो तुमच्या लाटवनातही लागू असणार. तुझी हिमनी बादलीभर पाण्यातली उष्णता काढते. ती ठेवते कुठे?"

केतकीनं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. हिमनीच्या उजव्या हाताला तिनं आजवर काही कामच दिलं नव्हतं!

"आबा, डाव्या हातानं घ्यायची आणि उजव्या हातानं द्यायची! पण उष्णता आपण होऊन नाही ना जाणार?"

"नाहीच. उष्णता आपण होऊन गरमाकडून गाराकडे जाते. उलटं न्यायचं तर मेहनत लागते."

"मग हिमनीला भूक लागेल. खूप लागेल. जेवल्याशिवाय तळं गोठणार नाही. आणि उजवा हात कुठे टेकवला नाही तर तिलाच चटका बसेल!"

आबा हसले. "पळ आता."

ती पळतच वाचनालयात पोचली तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. धापा टाकत तिनं डावा हात, उजवा हात, भूक, चटका असं सगळं भराभरा सांगितलं. तराजूचे डोळे निळे झाले आणि तसेच राहिले. केतकीचा जीव टांगणीला लागला.

"पूर्ण," तराजू म्हणाला. "बादलीची अटही लागणार नाही. पोटभर जेवली तर तळं गोठवू दे."

छातीवरचा धोंडा उतरावा तसं केतकीला झालं. मग ती हसली, रडली आणि शेवटी तराजूच्या गार लोखंडी गुडघ्याला मिठी मारून मोकळी झाली.

सगळ्यांनी भिंगपट्ट्या लावल्या आणि पाच वाजता होडी सुटली. होडीतून लाटवनाच्या काठावर उतरल्यावर पहिलीच खाडी तुटक्या पुलाची निघाली. हिमनीनं चार भाकऱ्या खाल्ल्या आणि डावा हात पाण्यावर ठेवला. कडकड करत बर्फाची वाट पुढे सरकली. पण उजवा हात तापू लागला, लालबुंद झाला. एकटीनं खेळताना असं कधी झालं नव्हतं. केतकी घाबरून इकडेतिकडे पाहू लागली.

तेवढ्यात पलीकडच्या गावची नफीसा पुढे आली. तिचं पात्र रांजण्या हा पाठीवर पाण्यानं भरलेला रांजण वाहणारा धिप्पाड गडी होता. इतका वेळ त्याच्या रांजणाचं काय करायचं, हे कुणालाच कळत नव्हतं.

"अगं, बघत काय बसलीस? हात इकडे दे!"

हिमनीनं उजवा हात रांजणावर टेकवला. पाणी वाफाळलं, वाट पलीकडच्या काठाला लागली आणि गारठलेली सगळी पोरं शेकायला रांजणाभोवती गोळा झाली. पुढे अजून सहा खाड्या होत्या.

"पुढच्या खाडीलाही माझ्याच बाजूला चाल हं," नफीसा म्हणाली.