रिकाम्या गाड्यांचा राखणदार

"माझं एक रेकॉर्डिंग पुसून टाकायचंय. कुणाला भेटू?"

असं मी ज्याला विचारलं, त्याच्या हातातला चहा हिंदकळून निम्मा माझ्या बाहीवर सांडला. बसडेपोचं कँटीन, बाहेर पिरपिर पाऊस, आणि मी आधीच रडकुंडीला आलेली.

"सॉरी... म्हणजे — पोळलं का?"

"पोळलं तर पोळलं. कॅमेऱ्यांची खोली कुठंय तेवढं सांगा."

"काय पुसायचंय?"

"ते तुम्हाला का सांगू?"

"मी त्याच खोलीत बसतो," तो म्हणाला आणि त्यानं रुमाल पुढे केला. चक्क इस्त्री केलेला. रुमालाला इस्त्री करणारा तरुण मी त्याआधी पाहिला नव्हता. म्हटलं, सांगून टाकू.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, संध्याकाळच्या पाळीला. परतीच्या बसमध्ये एक माणूस हटकून माझ्यासमोर तिरक्या सीटवर बसायला लागला होता. मोबाईल वर धरून माझे फोटो काढायचा, मी उतरले की मागोमाग उतरायचा. घरी बोलायची सोय नव्हती. दादानं आधीच बजावलं होतं, एक जरी भानगड कानावर आली तर संध्याकाळची पाळी बंद. दादा वाईट नाही हो, घाबरट आहे. पण तो घाबरणार आणि घरी मी बसणार, हा कुठला न्याय?

मग परवा बस मध्येच थांबली. तपासनीस बाई चढल्या, तडक त्या माणसापाशी गेल्या आणि त्याला मोबाईलसकट खाली उतरवलं. कॅमेऱ्यातून बघून कुणीतरी कळवलं होतं म्हणे. त्या कुणीतरीचे पाय धरावेसे वाटले मला. पण घरी जाऊन पडले आणि धस्स झालं. हे सगळं रेकॉर्ड झालंय... उद्या कुणी गंमत म्हणून पाठवलं आणि फिरत फिरत दादाच्या मोबाईलवर आलं तर?

"नाही येणार," तो म्हणाला. "पोलिसांना लागणारा तुकडा वेगळा काढून ठेवलाय. तो मी आणि आमच्या साहेब मॅडम सोडून कुणी उघडू शकत नाही. देतानाही बाकी प्रवाशांचे चेहरे पुसट करून देतो. उरलेलं पंधरवड्यात आपोआप पुसलं जातं."

"आणि तुम्हीच पाठवलंत तर?"

लोक चिडतात अशा प्रश्नावर. यानं नीट विचार केला. "तर माझी तक्रार करायची. मॅडमची खोली वर, डावीकडे."

मला हसूच आलं. "बरं, त्या दिवशी ज्यांनी पाहिलं ना, त्यांना माझे आभार सांगा. मनापासून."

"सांगतो," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, चहा सांडल्याची लाज.

रुमाल परत करायला म्हणून पुन्हा गेले. मग चहा प्यायला. मग काही कारण नसताना. ऑफिसात त्याला सगळे घुबड म्हणतात, हेही कळलं.

"घुबड का?"

"स्क्रीनसमोर माझी पापणी लवत नाही म्हणे."

"माझ्यासमोर तर सारखी लवते."

"ते... वेगळं आहे." त्यानं बशीतलं बिस्किट फिरवलं. "तू माणसाचे आधी दात बघतेस का गं?"

"धंद्याची खोड. तुझा खालचा एक वाकडा आहे."

"काढून टाकू?"

"हात तर लावून बघ."

एकदा लॅबला सुट्टी होती, तेव्हा आम्ही बागेतल्या बाकावर बसलो होतो. पाऊस नुकता थांबला होता, झाडावरून थेंब आमच्या खांद्यावर पडत होते. मी काहीतरी दमल्याचं बोलले आणि तो हसून म्हणाला, "दमतेसच तू. बसमध्ये बसलीस की आधी चपलांतून पाय काढतेस, मग स्वतःशीच पुटपुटत—"

आणि थांबला.

"हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

"नाही."

"म्हणजे तो कुणीतरी... तूच?"

त्यानं मान डोलावली. एरवी मी आनंदानं नाचले असते. पण माझ्या अंगावर काटा आला.

"मला वाटायचं मी एकटी आहे. म्हणून पुटपुटायचे मी. आणि तू बघत होतास."

"त्या माणसावर लक्ष ठेवायला बघत होतो. मग... पुढेही थोडं."

"आणि आता?"

"नाही. तू कँटीनला आलीस, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नाही."

"कशावरून?"

तो कसनुसा झाला. "न बघितल्याचा पुरावा कुठून आणू?"

मी उठले आणि चालायला लागले. त्यानं हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चपला पायातच ठेवल्या. वर तो काळा गोल कॅमेरा. पुटपुटणं बंद, डुलकी बंद, पाहुण्यांकडे बसावं तशी ताठ. दिवसभरात तेवढा अर्धा तास माझा स्वतःचा होता, तोही गेला. फोटोवाल्यानं जे घालवलं नव्हतं ते यानं घालवलं, असं वाटून रडू यायचं. त्यातून त्याची आठवणही यायची, ते आणखीच.

शेवटी गेलेच डेपोत. वर, डावीकडे.

"माझ्या मार्गाच्या गाड्या कोण बघतं?" मी मॅडमना विचारलं. "हे विचारायचा मला हक्क आहे ना?"

"आहेच की. मी बघते." मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि मला तुझ्यापेक्षा ड्रायव्हरच्या डुलकीची काळजी. आधी घुबड बघायचा. माझा सगळ्यात पक्का माणूस. एका सकाळी आला आणि म्हणाला, मला यार्डाचे कॅमेरे द्या. यार्डात असतं काय? धुवायला उभ्या केलेल्या गाड्या आणि एक मांजर. म्हटलं, बाबा रे, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मग?"

"म्हणतो, त्या गाडीत एक मुलगी असते. तिच्यावरचं संकट टळलंय, तरी माझे डोळे तिलाच शोधतात. तिला पत्ता नसताना. हे बरं नाही." मॅडम थांबल्या. "या खोलीत जास्त बघायला मागणारे पुष्कळ आले, पोरी. कमी बघायला मागणारा हा एकच. आता सगळे त्याला रिकाम्या गाड्यांचा राखणदार म्हणून चिडवतात. ऐकून घेतो बिचारा."

जिन्यात मी भिंतीला टेकून उभी राहिले. इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. त्यानं वेळेवर बघितलं म्हणून मी सुखरूप होते. पण बघणं सोडलं, आणि त्याची फुशारकीसुद्धा मारली नाही, हे त्याहून मोठं होतं.

त्या दिवशी लॅबमधून आल्यावर दादाला मीच सगळं सांगितलं. फोटोवाला, तपासनीस बाई, सगळं.

"पाळी बंद करायची नाही मला," मी म्हणाले.

"मी कुठे काय म्हणालो?" त्यानं घसा खाकरला. "पण त्या कॅमेऱ्यामागे बसणाऱ्याचा तरी काय भरवसा?"

"त्याचा आहे, दादा. त्याचाच सगळ्यात जास्त आहे."

दादानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "उशीर होणार असला की फोन करत जा," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तो कोपऱ्यात बसला होता. मला पाहिलं, गडबडीनं उठला आणि जमिनीकडे बघत उभा राहिला.

"मॅडमनी सांगितलं मला," मी म्हणाले. "मी दादालाही सांगितलं. रविवारी घरी बोलावलंय त्यानं. म्हणजे मीच बोलावतेय, त्याला अजून माहीत नाही."

"कशाला?"

"आभार मानायला. आणि... मला आवडतोस तू. फार. तेही सांगायचं होतं."

त्याची मान तशीच खाली.

"वर बघ ना."

"नको... तुला पुन्हा तसं वाटलं तर?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं. आता मी सांगतेय ना. बघ."

त्यानं हळूच मान वर केली आणि बघितलं. मीही नजर हलवली नाही.