साळू घरी आली तेव्हा

साळूच्या आईची गुडघ्यांची औषधं संपत आली, की शिकारीण ती पोचवायला जायची. साळू गेल्यापासूनचा हा शिरस्ता. गेल्यापासून म्हणायचं, कारण ती मेली असं दोघींपैकी कुणीच तोंडाने उच्चारलं नव्हतं. पडक्या खाणीत माणसाचं रूप घेणारं एक जनावर दडलं होतं. ते मारायला साळू आणि शिकारीण उतरल्या. साळू पुढे, ही मागे दोर धरून. मध्येच दोर हलका लागला, आणि ओढला तर नुसताच हातात आला.

दोघींनी शिकारी एकत्र केल्या, एका छपराखाली संसारही केला. म्हातारीने हिला कधी सून म्हटलं नाही, पण थंडी पडली की लोकरीचे मोजे दोघींसाठी विणायची.

त्या दुपारी धुकं उतरलं होतं. एरवी पायात घोटाळणारी गल्लीतली मांजरं कुठे दिसली नाहीत. म्हातारीने दार जेमतेम फटीएवढं उघडलं.

"औषधं उंबऱ्यावर ठेव," ती हळूच म्हणाली. "आज आत नको येऊस."

आतून ओल्या मातीचा वास आला. मग कुणीतरी खोकलं... तो खोकला शिकारिणीने वर्षानुवर्षं उशाशी ऐकला होता.

"कधीपासून?"

"झाले चार-पाच दिवस." म्हातारीने तिचं मनगट धरलं. "ती आपली साळू नाही, कळतं गं मला. पण माझ्या हातचं जेवते. माझे पाय चेपते. तू माझी सून... आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. एवढं एक दे."

सून म्हटलं, ते पहिल्यांदाच, आणि तेही अशा वेळी. पण भूक लागली की ही जनावरं काय करतात, ते तिने पाहिलं होतं. नांदती घरं रिकामी झालेली पाहिली होती. तिने म्हातारीची बोटं सोडवली आणि ती मागच्या खोलीत गेली.

खिडकीशी साळू लोकर गुंडाळत बसली होती. तेच साळिंदरासारखे उभे केस, ज्यांवरून तिला हे नाव पडलं होतं.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"तू कोण आहेस?"

लोकरीचा गुंडा फिरतच राहिला.

"खाणीत फार अंधार होता... कुणी कुणाला खाल्लं, मला नीट आठवत नाही. तुझ्या खांद्याला मलम लावायचं राहिलं होतं, ते मात्र आठवतं. बरा झाला?"

"झाला."

शिकारिणीने सुरा काढला. ती पळाली नाही. उठून इतकी जवळ आली, की तिचा श्वास गालाला लागला.

"जरा वर," ती पुटपुटली. "तिथे बरगडीला अडकेल."

साळूनेच शिकवलं होतं ते, अगदी ह्याच शब्दांत. शिकारिणीने सुरा जरा वर धरला.

नंतर म्हातारी आत आली. रडली नाही, बोल लावला नाही. जमिनीवर बसून तिने ते डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतून बोटं फिरवत राहिली.

"आता काय?"

"वाट बघायची. मेल्यावर उसनं रूप उतरतं. आधी केस जातात, मग चेहरा. तुम्ही बघू नका, आई."

"बघते मी. किती वेळ लागतो?"

"दिवेलागणीपर्यंत."

बाहेरचं धुकं काळवंडत गेलं. शिकारीण नजर हलवत नव्हती. हा चेहरा वितळावा, खालचं दातेरी थोबाड एकदाचं दिसावं, एवढंच तिला हवं होतं. तू कोण, आणि खांदा बरा झाला, यापलीकडे आपण एक शब्द बोललो नाही. निदान बस तरी म्हणायचं होतं. आणखी एक दिवस थांबलो असतो, तर...

म्हातारीने दिवा लावला, वात मोठी केली. समोरच्या घरांतले दिवे लागले, आणि पुढे एकेक करून विझलेही.

"सूनबाई," म्हातारीने विचारलं, "अजून थांबायचं का गं?"

"थांबू, आई. थोडा वेळ..."

मांडीवरचा चेहरा अजून साळूचाच होता.