आजोबांच्या खुर्चीखालचं पीठ

"टिली, पुन्हा बिस्किटं सांडलीस?" हेस्टर ओरडली.

"मी नाही! शप्पथ!" सात वर्षांची टिली रडकुंडीला आली.

हेस्टर गुडघ्यांवर बसली. आजोबांच्या खुर्चीखाली पिठासारखी पिवळसर भुकटी पडली होती. आजोबा याच वसंतात वारले. दर उन्हाळ्यात ते हेस्टरकडून या घरातल्या हातघडणीच्या शंभर वर्षं जुन्या फर्निचरला मधमाशीचं मेण लावून घेत. बाकी सगळं ओकचं, भारदस्त. ही खुर्ची मात्र ॲश नावाच्या झाडाच्या हलक्या लाकडाची, लव्हाळ्याने विणलेल्या बैठकीची. त्यांची रोजची. ते सगळं उद्या गावच्या संग्रहालयात जाणार होतं.

"भुंगा लागलाय की काय?" मामेभाऊ विल्फ कुजबुजला.

"काहीतरीच! धूळ आहे ती," जाईल्समामा खोकी बांधता बांधता म्हणाला. "सरका बाजूला!"

त्या रात्री मुलांनी फरशी पुसली आणि खात्री करायला प्रत्येक वस्तूखाली काळा कागद पसरला. सकाळी सगळे कागद स्वच्छ होते. खुर्चीखालचा सोडून!

"मामाला सांगायचं?" विल्फने विचारलं.

सांगितलं, तर खुर्चीचं काय होणार हे हेस्टरला कळत होतं. न सांगावं, तर ती किडकी खुर्ची संग्रहालयातल्या सगळ्या वस्तूंमध्ये जाऊन बसणार होती आणि त्यांनाही कीड लागणार होती.

तिने सांगितलं. पण मामाचं लक्ष कुठे होतं! "गाडी आली! उचला!"

"विल्फ, पळ!" दोघांनी खुर्ची उचलली आणि थेट गाडीच्या दारात आडवी लावली. समोर टिली हात पसरून उभी राहिली.

"हेस्टर, हा काय वेडेपणा!" मामा कडाडला.

"मिसेस पोलार्ड, आधी हे बघा!" हेस्टरने गाडीबरोबर आलेल्या संग्रहालयाच्या बाईंपुढे भुकटीचा काळा कागद धरला.

बाईंनी चष्मा लावला. खुर्चीच्या मागच्या पायावर अंगठा दाबला, तर लाकूड भुसभुशीत होऊन आत गेलं.

"बाप रे! ही आत आली असती तर..." त्या मामाकडे वळल्या. "बाकीच्या वस्तू आम्ही आधी वेगळ्या ठेवून तपासू."

"आणि ही?" हेस्टरने विचारलं. "वाचेल ना?"

बाईंनी चारही पाय दाबून पाहिले. मग नकारार्थी मान हलवली. "पार पोखरलीय गं. आजोबांनी तुला नुसतं मेण लावायला नाही शिकवलं, बघायलाही शिकवलं. तुमच्यामुळे संग्रहालय वाचलं, पोरांनो!"

हेस्टरला ती शाबासकी नको होती.

मामाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चुकलो गं. तुझं ऐकायला हवं होतं."

कीड आणखी पसरू नये म्हणून दुपारी सफरचंदाच्या बागेत मामाने खुर्ची पेटवली. लव्हाळ्याची बैठक आधी जळाली. मेणाचा ओळखीचा वास दरवळला आणि हेस्टरने तोंड फिरवलं.

"ताई," टिलीने हळूच विचारलं, "आता आजोबा कुठे बसणार?"

हेस्टरने तिला जवळ ओढलं. आग विझेपर्यंत दोघी तशाच गवतात बसून राहिल्या.