शेवटची चार बोटं

दुकानात काळ्या लोकरीचा एकच गठ्ठा उरला होता, आणि त्याची दोन टोकं दोघांच्या हातात होती.

"सोड," अर्लिंडा म्हणाली. "परवा जत्रेत गालिचा लावायचाय. चार बोटं विणायची राहिलीत."

"मलाही विणायचंय."

"तू विणतोस?"

"दोन हात आहेत की!" टोपीखालून तो हसला. "आधी कूळ सांग..."

कूळ एकच निघालं तर हा भाऊ, मग हे हसणं इथंच संपलं! "आईकडून कडू पाण्याची," ती चाचरली, "वडलांकडून उंच घराची... तू?"

"आईकडून पाणकाठचा, वडलांकडून मिठाचा." त्यानं लोकर सोडून दिली. "वाचलो बुवा! घे सगळी. पण गालिचा दाखवायचा."

डेल्विन त्याचं नाव, आणि त्याच दुपारी तो तिच्या घरी हजर झाला. लोकर पिंजून दिली, आईच्या हातचं मटणाचं कालवण मागून मागून खाल्लं, आणि आईला हसवून हसवून बेजार केलं. अर्लिंडाला मात्र ते हसणं टोचत होतं. दिने, म्हणजे नवाहो लोकांत जावयानं सासूचं तोंड पाहायचं नसतं. थोरल्या बहिणीचा नवरा तर आईची चाहूल लागली की मागच्या दारानं पसार होतो. आणि हा बघा, खुशाल तिच्यासमोर मांडी ठोकून! म्हणजे याच्या मनात काहीच नाही?

शेवटच्या चार बोटांत उभे धागे इतके आवळले की लाकडी पट्टी शिरेना. डेल्विननं मोडक्या छत्रीची काडी पुढे केली. "आजीची युक्ती." बोटाला बोट लागलं... दोघंही धाग्यांकडेच बघत राहिले.

"जत्रा झाली की?" तिनं विचारलं.

"घरी. मेंढ्या वाट बघतायत."

"मेंढ्याच?"

त्यानं काडी पुन्हा धाग्यांत सरकवली. मेला!

जत्रेच्या दालनात पहिल्या नंबरची निळी फीत अर्लिंडाच्या गालिच्याला लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला, पण तिचे डोळे एकालाच शोधत होते. तो गालिच्यापाशीच उभा होता, टोपी हातात घेऊन.

"निघालास?"

"निघायला तर हवं—"

तेवढ्यात दारातून हात पसरून आई धावत आली. "पोरी, जिंकलीस गं!"

डेल्विननं झटकन टोपी डोक्यावर चढवून नाकापर्यंत ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. आजूबाजूच्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारू लागल्या.

"याला काय झालं? कालवण बाधलं की काय?" आई थबकली. मग तिच्या ध्यानात आलं, आणि तिनंही हसत हसत शाल तोंडावर ओढली. "सांग गं त्याला, आता मला शालीला घुंगरं लावावी लागणार! जुन्या सासवा लावायच्या, जावयांना पळायला वेळ मिळावा म्हणून."

अर्लिंडाला हसू आवरेना, रडूही आवरेना.

"आईंचं ऐकलं," टोपीखालून आवाज आला. "तुझं ऐकायचंय... डोळे उघडू?"

तिनं गालिच्यावरची निळी फीत काढली आणि त्याच्या टोपीला टाचली.

"इतक्यात नको, आई इथंच आहे," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "आणि त्या मेंढ्या इकडेच घेऊन ये."