बत्तीस नंबरचं पाकीट

साक्षीदाराची सही दहा ठिकाणी एकाच बाईची होती.

भिंगबाईंनी दहाही संमतीपत्रं टेबलावर ओळीने मांडली. मोठाली, वाकडी, एकेक अक्षर कोरून काढलेली सही. वॉर्डातल्या मावशींची. लादी पुसणं, बेडपॅन उचलणं ही मावशींची कामं. पेशंटबरोबर नातेवाईक असला तर साक्षीला तो सही करी. कुणीच नसलं की मावशींना हाक जाई.

म्हणजे एकतीस पेशंटपैकी दहा जण एकटे आले होते. त्यात नवल काही नव्हतं. नवल उपचाराच्या रकान्यात होतं. दहांतल्या पहिल्याला, चार नंबरला, नळी मिळाली होती. त्यानंतरच्या नऊच्या नऊ जणांना पावडर.

भिंगबाई खुर्चीत मागे रेलल्या. खरं नाव वॉर्डात कुणी घेत नसे. औषधोपचारांच्या चाचण्या नियमाने चालतात की नाही हे बघायला त्या वर्षातून दोनदा येत आणि कागदातून केसाएवढी तरी चूक काढल्याशिवाय जात नसत, म्हणून ‘भिंगबाई’. त्यांनाही ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं.

ही चाचणी छातीत पाणी होणाऱ्यांची होती. फुफ्फुसाभोवती पाणी साचतं, माणसाला दोन पावलं टाकली की धाप लागते. सुईने काढलं तर आठ-दहा दिवसांत पुन्हा भरतं. त्यावर दोन उपाय. एक, आत पावडर सोडून फुफ्फुस छातीच्या अस्तराला चिकटवून टाकायचं, म्हणजे पाण्याला जागाच उरत नाही. दुसरा, बरगड्यांमधून बारीक नळी बसवायची आणि घरच्या घरी एक दिवसाआड बाटलीत पाणी काढायचं. दोन्हीत सरस कोणता? ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तर चाचणी. कुणाला काय द्यायचं हे डॉक्टरनेही ठरवायचं नाही, पेशंटनेही नाही. नंबर घातलेली बंद पाकिटं होती. पुढचा पेशंट आला की पुढचं पाकीट फोडायचं, आत निघेल ते द्यायचं. निव्वळ छापा-काटा.

पण छापा-काटा नऊ वेळा एकाच बाजूला पडत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

बत्तीस नंबरचं पाकीट आज चार वाजता फुटायचं होतं. फायली ठीक आहेत अशी भिंगबाईंची सही झाल्याशिवाय ते फोडता येणार नव्हतं. घड्याळात अकरा वाजले होते.

त्या बाहेर आल्या तर बाकावर शिंपीकाका बसलेले. बत्तीस नंबर तो त्यांचाच. उन्हातून चालून आल्यासारखे धापत होते, आणि सकाळपासून जागचे हलले नव्हते. शेजारी सून होती.

“बाई, आमचं चारला नक्की ना?” सुनेने विचारलं. “सहा वेळा सुई झाली बाबांना. परवा दोन लिटर निघालं, आज परत हे असं.”

“बघते.”

“ही नळी बाहेर कुठेच मिळत नाही म्हणे. ट्रायलमध्येच.”

“हो, सध्या तरी.”

“मला जमतं हां सगळं. हात धुवायचे, टोपण पुसायचं, बाटली लावायची. सिस्टरनी सोमवारी शिकवलं, काल परत करून घेतलं.”

“शिकतेय कसली, माझ्या जुन्या शर्टाला नळी लावून बसते,” शिंपीकाका म्हणाले. हसायला गेले आणि खोकत राहिले. सुनेने पाठ चोळली.

भिंगबाई दोन पावलं पुढे गेल्या, थांबल्या, मग मावशींकडे वळल्या.

“या सह्या तुमच्या?”

“माझ्याच. बोलावलं की करते.”

“कोण बोलावतं?”

“ज्याला लागेल तो. कधी डॉक्टर, कधी सिस्टर.”

“या लोकांचं खरंच कुणी नव्हतं?”

“असतं तर मला कशाला बोलावलं असतं, बाई?”

मोठे डॉक्टर स्वतःच्या खोलीत होते. नळीवरची झडप त्यांच्याच डोक्यातून निघालेली. नळी जिंकली तर त्यांचं नाव होणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. संशय सगळ्यात आधी त्यांच्यावरच जायचा.

“नळीचे आकडे छान दिसतायत,” भिंगबाईंनी खडा टाकून पाहिला.

“छान? फारच छान. पावडरवाले पुन्हा भरती होतात, नळीवाले घरी सुखात.”

“हे नऊ जण आठवतात?”

त्यांनी फायली चाळल्या. “तब्येतीने बरे होते की. दोघं तर चालत आले होते.”

“यांच्या घरी कोण होतं?”

“घरी?” ते गोंधळले. “ते आपल्या फॉर्ममध्ये विचारलेलंच नाही.”

ते खरं होतं. भिंगबाईंनी फॉर्म पाठ केला होता. वजन, वय, पाणी किती, धाप किती. घरात कोण आहे, हा रकाना कुणाला सुचलाच नव्हता.

मग छोटे डॉक्टर. पाकिटाची नोंद ते करत.

“इतरांचं पाकीट ते आले त्याच दिवशी फुटलं. या नऊ जणांतल्या बहुतेकांना दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबवलंय. ‘एक्स-रे परत काढायचा’ हे तुमचं अक्षर?”

“हो.”

“मग ते एक्स-रे कुठायत?”

छोट्या डॉक्टरांची पाचावर धारण बसली. “असतील ना. मला निरोप आला, मी लिहिलं.”

“कुणाचा निरोप?”

“आता आठवत नाही. रोज पन्नास निरोप येतात.”

एक्स-रे काढणाऱ्याने रजिस्टर उघडून दाखवलं. नवांपैकी एकाचाही एक्स-रे दुसऱ्यांदा निघाला नव्हता. आणि नवांतले तीन पेशंट आले तेव्हा छोटे डॉक्टर परीक्षेच्या रजेवर होते. त्या तिघांनाही तितकंच थांबवलं होतं. फक्त कारण लिहायला कुणी नव्हतं.

भिंगबाईंनी शेवटी चार नंबरची फाइल उघडली. एकटा राहणारा, निवृत्त पोस्टमन. नळी बसवून घरी सोडलं. अकराव्या दिवशी शेजाऱ्यांनी दार फोडलं. नळीतून जंतू शिरले होते. नळीचं तोंड पाठीकडे होतं आणि त्याचा हात तिथवर पोचत नव्हता.

धागा सापडला होता, पण फाइल मिटताना त्यांना समाधान असं वाटलंच नाही.

साडेतीनला त्यांनी तिघांना एक्स-रे बघायच्या खोलीत बोलावलं. मोठे डॉक्टर, छोटे डॉक्टर, सिस्टर. भिंतीवर एक्स-रे लावायची दिव्याची पेटी होती. तिच्याखालच्या कपाटात पाकिटं. किल्ली तिघांकडेही होती.

“पाकिटं कुणीतरी फोडण्याआधी वाचत होतं,” भिंगबाई म्हणाल्या. “आत नळी असली आणि आलेला माणूस एकटा असला, की त्याला खोटं कारण सांगून थांबवायचं. मधे घरचं माणूस असलेला कुणी आला की ती नळी त्याला. पुढचं पाकीट पावडरचं लागलं, की एकट्याला आत घ्यायचं.”

“माझ्यावर रोख आहे का तुमचा?” मोठ्या डॉक्टरांचा आवाज चढला.

“आधी होता. पण नळी जिंकवायचीच असती तर तुम्ही मरायला टेकलेले पेशंट पावडरकडे ढकलले असते. हे नऊ जण धडधाकट होते. त्यांच्यात सारखं एकच होतं, घरी कुणी नव्हतं. आणि ते तुम्हाला माहीतच नव्हतं. यांतले तिघं आले तेव्हा छोटे डॉक्टर रजेवर होते. घरी जाताना ‘घरी कोण आहे?’ हे विचारून प्रत्येकाला सगळं शिकवणारं माणूस वॉर्डात एकच आहे.”

सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या.

“तरी खात्री नव्हती. पण बाहेर एक सून बसलीय. तिला सोमवारपासून नळीचं शिकवणं चाललंय. पाकीट आज फुटणार आहे, सिस्टर. आत नळी आहे हे तुम्हाला सोमवारीच कसं कळलं?”

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातल्या सिस्टर नव्हत्याच. त्यांनी कपाट उघडलं, बत्तीस नंबरचं पाकीट काढलं, दिव्याच्या पेटीवर धरलं आणि बटण दाबलं. कागदातून अक्षरं उमटली. नळी.

“सुरुवातीच्या पाकिटांत आतून चंदेरी कागद असायचा. पाचपासून पुढे आली ती साधी. पोस्टमनकाका गेल्याच्या तिसऱ्या दिवशी एक पाकीट चुकून या पेटीवर ठेवलं गेलं.” त्यांनी दिवा बंद केला. “मीच त्यांना म्हटलं होतं, आरशात बघून जमेल. नाही जमलं त्यांना. मग परत कुणा एकट्याला नळी लावून घरी पाठवायची माझी छाती झाली नाही. तुम्ही लावली असती का?”

“मला तेव्हाच सांगायचं,” मोठे डॉक्टर हळूच म्हणाले.

“सांगितलं होतं, सर. तुम्ही म्हणालात, एका केसवरून काही ठरत नाही.”

मोठे डॉक्टर खाली बसले.

“म्हणजे नळी जिंकली ती नळीमुळे नाही,” भिंगबाई म्हणाल्या. “नळीवाल्यांच्या घरी माणूस होतं, पावडरवाल्यांतल्या कितीतरी जणांच्या घरी नव्हतं. पेशंट पुन्हा भरती झाला तो पाण्याने की एकटेपणाने, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. एकतीस जणांनी अंगावर सोसलं ते पाण्यात गेलं.”

“मी तर त्यांचं भलं...” सिस्टर म्हणाल्या.

“माहितेय मला.” भिंगबाईंना त्यांचा राग यायला हवा होता. तो आला असता तर बरं झालं असतं.

त्यांनी कपाटाला सील लावलं. चौकशी समिती बसेल, महिने जातील, तोवर चाचणी बंद.

“आत सहा नळ्या पडून आहेत,” मोठे डॉक्टर म्हणाले. “एक त्या शिंप्याला द्या. मी लिहून देतो.”

“नळीला अजून मान्यता नाही. चाचणीबाहेर कुणाला लावायची नाही, हा नियम तुमच्याच सहीचा आहे, डॉक्टर.”

“नियम मोडणाऱ्याला पकडायला आलात, आणि आता...”

“म्हणूनच मला मोडता येत नाही.”

चार वाजून दहा मिनिटांनी त्या बाकाजवळ आल्या. उभ्याने सांगवेना, म्हणून शेजारी बसल्या. चाचणी बंद झाली, एवढंच सांगितलं. काकांचा यात काही दोष नाही, हेही सांगितलं.

“पण मी शिकलेय ना,” सून म्हणाली. “आमच्या पाकिटात नळीच होती ना, बाई?”

आयुष्यभर लोकांच्या खोट्यावर बोट ठेवणाऱ्या भिंगबाईंनी जमिनीकडे पाहिलं.

“पाकीट फोडलंच नाही,” त्या म्हणाल्या.

“मग पावडरच असणार,” शिंपीकाका सुनेला म्हणाले. “माझं नशीब मला ठाऊक आहे. तू मनाला लावून घेऊ नको.”

त्यांना आता धड बोलताही येत नव्हतं. छोटे डॉक्टर सुईचा ट्रे घेऊन आले. काका उठून आतल्या पलंगावर पाठमोरे बसले, समोरच्या टेबलावर उशी ओढून घेतली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि मान खाली घातली. कसं बसायचं ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.