साक्ष होईपर्यंत तरी नाही

"उलटा धरलाय."

झेरॉक्सच्या दुकानात, टपालाच्या तिकिटाएवढा एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरून मी डोळे बारीक करत होते, तेव्हा मागून आवाज आला. वळले. एक उंच तरुण, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि चेहऱ्यावर आगाऊ मदत केल्याचं समाधान.

"तुम्हाला कसं कळलं?"

"बोट द्या."

"काय?"

"म्हणजे... फिल्मच्या कोपऱ्यावर फिरवा."

फिरवलं. बारीकसा खळगा लागला. त्याने फिल्म माझ्या बोटाखालीच अलगद उलटली. आता त्याच जागी मोहरीहून लहान उंचवटा होता.

"हा ठिपका आपल्या बाजूला वर यायला हवा. नाहीतर डावी दाढ उजवी दिसते."

"तुम्ही... कोण?"

"दातांचा डॉक्टर."

उपाशी माणूस वाढलेल्या ताटाकडे पाहतो, तसं मी त्याच्याकडे पाहिलं असणार. कारण तो एक पाऊल मागे सरकला.

माझा तरी काय दोष! शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंचा खटला आमच्याकडे होता. एका दंतवैद्याने त्यांची डावीकडची किडकी दाढ तशीच ठेवून उजवीकडची धडधाकट दाढ उपटली होती. वर म्हणत होता, बाईंनीच चुकीची दाखवली. माझे सर, म्हणजे आमच्या ऑफिसचे मोठे वकील, पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "निष्काळजीपणा झाला हे त्याच शाखेच्या तज्ज्ञाने सांगायला हवं. तज्ज्ञ नाही, तर खटला नाही."

मी उत्साहाने हाडांचे डॉक्टर असलेल्या माझ्या मामालाच घेऊन आले. "दात म्हणजे हाडाचा चुलतभाऊच की!" मामा म्हणाला.

"मामांना घरी सोडून या," सर म्हणाले.

आणि गावातल्या प्रत्येक दंतवैद्याकडे, मी खटल्याचं नाव काढताच, नेमका तातडीचा पेशंट यायचा.

हा मात्र दुकानाच्या पायरीवर उभा राहून सगळं ऐकत राहिला. मग म्हणाला, "देईन साक्ष. पण त्यानंतर एकही दंतवैद्य मला लग्नाला बोलावणार नाही."

"स्वतःच्या लग्नाला तरी जाल ना?"

बोलून गेले आणि जीभ चावली. तो इतका छान हसला की मी झेरॉक्सचे पैसे दोनदा दिले.

त्याचा लेखी अभिप्राय तयार झाला. त्यासाठी तो ऑफिसात यायचा, मन लावून काम करायचा, आणि जाताना दारात विनाकारण थबकायचा. एका संध्याकाळी म्हणाला, "रविवारी फिरायला येता? तळ्याकाठी?"

"साक्ष होईपर्यंत तरी नाही. तज्ज्ञ तटस्थ हवा."

"तटस्थच राहीन. रस्त्याच्या मधोमध चालेन."

"गाडीखाली गेलात तर दुसरा दंतवैद्य कुठून आणू?"

"एवढीच काळजी?"

"...सध्या एवढीच."

साक्षीच्या दिवशी त्याने ठिपक्याचं सगळं नीट समजावून सांगितलं. फिल्म हातात घेताच तो चाचपायचा असतो. दाढ काढण्यापूर्वी एवढी खात्री कुठलाही काळजी घेणारा दंतवैद्य करतो. मागच्या बाकावर बसलेल्या बाई मान डोलावत होत्या, हुशार विद्यार्थ्याचं उत्तर ऐकावं तशा.

मग समोरचे वकील उलटतपासणीला उठले.

"डॉक्टर, या तरुण वकीलबाईंशी तुमचा काही संबंध?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. नाही म्हणा... नुसतं नाही म्हणा!

"संबंध नाही," तो म्हणाला. "इच्छा आहे."

कोर्टात खसखस पिकली. "मी फिरायला विचारलं होतं," तो प्रामाणिकपणे पुढे म्हणाला, "पण त्या म्हणाल्या, साक्ष होईपर्यंत तरी नाही."

"ऐकलंत, महोदय? हा साक्षीदार तटस्थ नाही! याची साक्ष बाद करा!"

बाईंचा खटला बुडाला, आणि तोही माझ्यापायी!

न्यायाधीशांनी फिल्म मागून घेतली. अंगठा फिरवला, उलटली, पुन्हा फिरवला. "डॉक्टर, वकीलबाई तुम्हाला आवडल्या नसत्या, तर हा ठिपका दुसरीकडे असता का?"

"नाही महोदय. तिथेच असता."

"वकीलसाहेब, तुमच्या अशिलाने तो तपासला होता?"

वकिलांनी अशिलाकडे पाहिलं. अशिलाने छताकडे.

"साक्ष ग्राह्य धरतोय," न्यायाधीश म्हणाले. मागे बाईंनी चक्क टाळी वाजवली आणि शिपायाने डोळे वटारल्यावर हात पदराखाली लपवले. न्यायाधीश माझ्याकडे वळले. "आता फेरतपासणी. या साक्षीदाराला आणखी काही विचारायचंय?"

"नाही म्हणा," सर तोंडातल्या तोंडात पुटपुटले.

मी उभी राहिले. कान तापले होते. "विचारायचंय, महोदय... पण इथे नको."

"हरकत आहे!" समोरचे वकील सवयीने ओरडले.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमची कशाला हो हरकत?"

"माझी तर नाही," साक्षीदार पिंजऱ्यातून म्हणाला.